थाळी कोणती घ्यावी?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मी थाळीविषयी लिहिणार आहे. जेवणाची नव्हे, मैदानावर फेकतात ती. आठवीत असल्यापासून मी थाळी फेकते. महाविद्यालयात आल्यापासून, विशेषतः सुट्टीत गावी गेले म्हणजे, धाकट्या मुली आणि कधी कधी त्यांचे वडीलही मला एकच प्रश्न विचारतात : "थाळी कोणती घ्यावी?" दर वेळी अर्धा तास समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेले बरे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न वरवर लहान दिसतो. धावणाऱ्या मुलीला तो पडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये जगाच्या मैदानापर्यंत गेला. त्याच्या सरावाचा बराचसा भाग रस्त्यावर आणि डोंगरावर होऊ शकतो. फेकणाऱ्याचे तसे नाही. त्याला वस्तू विकत घ्यावी लागते, आणि आमच्यासारख्या घरांत ती एकदाच घेतली जाते. कापूस विकून आलेल्या पैशांत खत, बियाणे, उसनवारी, दवाखाना हे सगळे भागवून जे उरते त्यात थाळी बसवायची असते. ती चुकली तर दुसरी येत नाही.

आमच्या गावातल्या नववीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगते. शाळेच्या जुन्या रबरी थाळीने ती २२ मीटरपर्यंत फेकत असे. वय आणि अंगकाठी पाहता ही फेक चांगली म्हणावी लागेल. तिच्या वडिलांनी हौसेने शहरातल्या एका दुकानातून, दुकानदाराच्या सांगण्यावरून, सर्वांत महागडी थाळी आणली. "मोठे खेळाडू हीच वापरतात," असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि ते खोटेही नव्हते. त्या थाळीने मुलीची फेक १९ मीटरवर आली. महिना झाला, दोन महिने झाले, पण ती वाढेना. घरात निष्कर्ष निघाला तो असा : पोरीत दम नाही, उगाच पैसे गेले. थाळी कोठीवर गेली आणि मुलगी संध्याकाळी मैदानाऐवजी शेतात दिसू लागली. मुलीत काही कमी नव्हते. थाळी तिच्या हाताची नव्हती, एवढेच. पण हे घरच्यांना सांगणार कोण? आमच्या घरांत याआधी मैदानावर कोणी गेलेलेच नसते.

आता थाळी म्हणजे काय ते पाहू. नियमाप्रमाणे मुलींच्या थाळीचे वजन कमीत कमी १ किलो असावे लागते. तिचा व्यास १८० ते १८२ मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी ३७ ते ३९ मिलिमीटर. पुरुषांची थाळी २ किलोची, व्यास २१९ ते २२१ मिलिमीटर, मध्यभागी जाडी ४४ ते ४६ मिलिमीटर. अंग लाकडाचे किंवा दुसऱ्या योग्य पदार्थाचे चालते. पण कड धातूचीच हवी. मध्यभाग जाड आणि कडेकडे निमुळती, अशी दोन ताटल्या एकमेकींवर पालथ्या घातल्यासारखी तिची आकृती असते.

हे सारे आकडे नियमपुस्तकात आहेत. नाही ती एकच गोष्ट : त्या १ किलोपैकी किती वजन कडेला आणि किती पोटात असावे. सगळी गोम तिथेच आहे. एकाच वजनाच्या, एकाच मापाच्या, दोन्ही नियमात बसणाऱ्या अशा दोन थाळ्या हातात घेतल्या तरी त्या वेगळ्या वागतात. याचे कारण त्यांचे वजन वेगवेगळ्या जागी ठेवलेले असते.

बैलगाडीचे चाक सर्वांनी पाहिले असेल. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून चढविलेली लोखंडी धाव. जड धावेचे चाक अधांतरी धरून फिरवू लागलो तर सुरुवातीला हाताला रग लागते; पण एकदा फिरू लागले की ते लवकर थांबत नाही आणि आपला कलही सहज बदलत नाही. कुंभाराचे चाकही याच गुणावर चालते. विज्ञान शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने मला वहीत मांडून दाखविले की, सारख्या वजनाच्या आणि सारख्या व्यासाच्या दोन चकत्या घेतल्या, एकीचे वजन सगळीकडे सारखे पसरलेले आणि दुसरीचे सगळे कडेला, तर दुसरीला फिरते करणे दुप्पट अवघड असते. खरी थाळी या दोन टोकांपैकी कुठल्याच टोकाला नसते. परंतु कोणती थाळी कोणत्या टोकाकडे झुकते यावर आपली फेक अवलंबून राहते.

थाळीला फिरविणारे काय असते? संपूर्ण शरीर गिरकी घेते हे खरे. पण थाळीला स्वतःभोवतीची फिरकी मिळते ती अगदी शेवटच्या क्षणी, बोटांतून. थाळी बोटांच्या पहिल्या पेरांवर टेकलेली असते, अंगठा नुसता आधाराला, आणि ती सुटते तर्जनीवरून. उजव्या हाताच्या खेळाडूची थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसते. नवशिक्या मुली ती करंगळीकडून सोडतात, मग ती उलटी फिरते आणि कोलांट्या खात पडते. या एका क्षणात, एका बोटाने, जेवढा जोर देता येईल तेवढीच फिरकी थाळीला मिळणार. बोटात जोर आणि सुटण्यात सफाई असेल तर जड कडेची थाळी त्या फिरकीचे सोने करते. ती डगमगत नाही, नाक वर काढत नाही, हवेवर टेकून दूरवर जाते. जोर कमी पडला तर तीच थाळी अर्धवट फिरते, वाटेतच डोलू लागते, हवा तिच्या पोटावर आदळते, आणि उजव्या हाताच्या मुलीची थाळी डावीकडे कलून लवकर खाली येते. हलक्या कडेची थाळी मात्र थोडक्या जोरातही पुरेशी फिरते. आमच्या गावातल्या मुलीचे २२ चे १९ झाले ते यामुळे.

कंपन्या आपल्या थाळ्यांविषयी कडेच्या वजनाची टक्केवारी सांगतात. साधारण ७० टक्क्यांच्या आसपास असेल ती सौम्य थाळी, ८० च्या आसपास मधली, आणि ८५-९० च्या पुढची ती 'हाय स्पिन' म्हणून विकली जाते. किंमतही याच क्रमाने वाढत जाते. त्यामुळे माणसाला सहज वाटते, महाग ती चांगली. बियाण्याची पिशवी घेताना आपले वडील असे करीत नाहीत. आपल्या रानाला पाणी किती, जमीन भारी की हलकी, हे पाहून ते वाण ठरवितात. थाळीच्या बाबतीत मात्र दुकानदाराचा शब्द प्रमाण मानतात!

अमेरिकेत डिस्क गोल्फ नावाचा एक खेळ आहे. त्यात प्लॅस्टिकची तबकडी फेकून साखळ्या लावलेल्या टोपलीत घालावयाची असते. लांब पल्ल्यासाठी जी तबकडी असते तिला ते ड्रायव्हर म्हणतात. तिची कड रुंद आणि धारदार. तिथेही शिकाऊ माणूस सर्वांत वेगवान ड्रायव्हर विकत घेतो, त्याच्या हाताला तेवढा वेग नसतो, आणि तबकडी थोडे अंतर जाऊन एका बाजूला मुरडते. जाणकार त्याला आधी कमी वेगाची, अरुंद कडेची तबकडी घ्यावयास सांगतात. वस्तू वेगळी, खेळ वेगळा, पण अडचण तीच, हे वाचून मला गंमत वाटली.

माझ्या घरी मी थाळीचा विषय काढला तेव्हा दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, किंमत ऐकून पहिल्यांदा हसूच आले. "ताटलीएवढं लोखंड अन् एवढे पैसे? जालन्यात लोखंडाला काय तोटा हाय का? एमआयडीसीतल्या लेथवर करून आणू की!" जालना सळयांचे गाव, दादांची सूचना काही अगदीच वेडी नव्हती. मी वहीत हिशेब केला. १८ सेंटिमीटर व्यासाची, मध्ये पावणेचार सेंटिमीटर जाडीची थाळी भरीव लोखंडाची केली तर ती चार किलोच्या वर जाते. म्हणूनच तर अंग लाकडाचे आणि लोखंड फक्त कडेला.

हा प्रयोग पूर्वी एकाने खरोखर केला आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, त्याआधी अमेरिकेतील प्रिन्स्टनचा रॉबर्ट गॅरेट या विद्यार्थ्याने थाळी कधी पाहिलीही नव्हती. त्याने वर्णनावरून धातूची एक थाळी घडवून घेतली. ती इतकी जड निघाली की त्याने थाळीफेकीचा नादच सोडला. अथेन्सला पोचल्यावर खरी थाळी हातात आली तेव्हा त्याला कळले की ती पुष्कळच हलकी आहे. तो स्पर्धेत उतरला आणि २९.१५ मीटर फेकून पहिला आला. हा प्रसंग दादांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे त्यालाबी कोणी सांगणारं नव्हतं." लेथचा विषय तिथेच संपला.

निवड करण्यासाठी मी जी रीत वापरली ती सांगते. आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात तीन प्रकारच्या थाळ्या होत्या : एक रबरी, एक लाकडी अंगाची साधी, आणि एक जड कडेची. सरांच्या परवानगीने मी आणि आमच्या संघातल्या एक ताई, ज्या माझ्यापेक्षा कितीतरी लांब फेकतात, दोघींनी त्या आळीपाळीने फेकल्या. प्रत्येकीच्या दहा फेकी, एकाच संध्याकाळी, एकाच दिशेने. एक थाळी आज आणि दुसरी उद्या असे करू नये, कारण मध्ये वारा बदलतो. तसेच एकीच्या दहा फेकी उरकून मग दुसरी घेऊ नये, कारण तोवर हात दमतो. साधी, जड, रबरी, पुन्हा साधी, असा क्रम ठेवावा. वहीत प्रत्येक फेक लिहावी आणि सर्वांत लांबची एक फेक पाहून हुरळून न जाता मधल्या फेकी कुठे पडतात ते पाहावे. साध्या थाळीने माझ्या बहुतेक फेकी २७ मीटरच्या आसपास पडल्या. जड कडेच्या थाळीने एक फेक २८ च्या पुढे गेली, बाकीच्या २४ ते २६ मध्ये विखुरल्या. ताईंचे अगदी उलट झाले. जड कडेने त्यांच्या सगळ्याच फेकी पुढे सरकल्या. म्हणजे थाळी वाईट नव्हती, ती ताईंची होती.

माझी ती एक २८ ची फेक कशाने झाली, हे मला नंतर उमगले. त्या वेळी थाळी तर्जनीवरून अगदी स्वच्छ सुटली होती. दहांतल्या सात-आठ फेकी अशा सुटू लागल्या की मी त्या थाळीकडे जाणार आहे, तोवर नाही.

मोजपट्टीखेरीज डोळ्यांनीही पुष्कळ कळते. उडणाऱ्या थाळीची कड एका रेषेत दिसते की थरथरते? ती खाली येताना सपाट उतरते की उभी रुतते? डावीकडे कधी झुकते, अगदी शेवटी की अर्ध्या वाटेवर? अगदी शेवटी थोडी झुकणे हे नैसर्गिकच आहे. मैदान नसेल तर अंगणातही एक परीक्षा होते. थाळी हातात उभी धरून जमिनीवरून, चेंडू घरंगळवावा तशी, तर्जनीवरून सोडावी. ती सरळ रेषेत दूर गेली तर बोटे बरोबर काम करीत आहेत. लगेच आडवी पडली तर थाळी कोणती घ्यावी हा प्रश्न अजून दूर आहे. आधी बोटांचा सराव करावा आणि शाळेतली असेल ती थाळी वापरावी.

रबरी थाळीला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. माझे मत वेगळे आहे. धातूची कड नसल्यामुळे ती मोठ्या स्पर्धेत चालत नाही हे खरे. पण मुरमाड मैदानावर, दगडावर पडूनही ती टिकते, काही शेकडा रुपयांत येते, आणि सहावी-सातवीच्या मुलीच्या पायावर पडली तरी त्यातल्या त्यात बरी. शाळेने चार रबरी थाळ्या घ्याव्यात आणि एक धातूच्या कडेची. एकच महागडी थाळी आणून कपाटात कुलपात ठेवणे हे काही मुलींच्या उपयोगाचे नाही.

माझ्या अंदाजाने ३० मीटरच्या आतल्या मुलींनी सौम्य कडेचीच थाळी घ्यावी. पस्तीसच्या पुढे मधली घेऊन पाहण्यास हरकत नाही. त्याहून जड कडेचा विचार चाळीस ओलांडल्यावर. हे काही शास्त्रातले आकडे नव्हेत, मैदानावर पाहून बांधलेला आडाखा आहे.

मुलांची अडचण आणखी निराळी. जागतिक नियमांत १८ वर्षांखालील मुलांना दीड किलोची, २० वर्षांखालील मुलांना पावणेदोन किलोची आणि त्यानंतर २ किलोची थाळी आहे. मुलींना मात्र या तिन्ही गटांत १ किलोचीच. पण बारावी करून महाविद्यालयात आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदम २ किलोची थाळी हातात घ्यावी लागते. व्यासही २० सेंटिमीटरवरून २२ वर जातो, आणि लहान पंजाच्या मुलाची बोटे कडेपर्यंत नीट पोचत नाहीत. तो मग थाळी पकडून ठेवण्यासाठी मनगट आखडतो आणि त्याची सगळी लय बिघडते. अशा मुलाने वर्षभर पावणेदोन किलोच्या थाळीने सराव करावा आणि आठवड्यातून एखाद-दोन दिवसच दोन किलोची घ्यावी, असे आमचे सर सांगतात. महाविद्यालयाने पावणेदोन किलोची एक थाळी घेतली तर दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांची सोय होईल. या अंकाच्या निमित्ताने ही विनंती करून ठेवते.

कोणी विचारील, मग विक्रम करणारे जड कडेची थाळी का वापरतात? कारण त्यांचे हात तसे झालेले असतात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया हिने ६१.५१ मीटर फेकून सुवर्णपदक मिळविले, आणि दुसरे व तिसरे पदकही हरवंत कौर आणि सीमा अंतिल या आपल्याच खेळाडूंना मिळाले. विकास गौडा याने २०१२ साली ६६.२८ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. ही नावे दुकानात थाळी दाखविताना घेतली जातात. पण त्यांच्या थाळीबरोबर त्यांची वर्षानुवर्षांची गिरकी पेटीत भरून येत नाही.

शिवाय अंतर केवळ थाळीने वाढत नाही. थाळीफेकीत समोरून येणारा बेताचा वारा फायद्याचा असतो. तो थाळीला खालून उचलून धरतो. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना याने २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रमोना येथे ७५.५६ मीटरचा जागतिक विक्रम केला, ते मैदान अशा वाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या बंदिस्त मैदानात हाच खेळाडू ६९.९७ मीटरवर थांबला आणि जमैकाचा रोजे स्टोना ७० मीटर फेकून जिंकला. स्त्रियांची थाळी हलकी असल्याने तिच्यावर हवेचा परिणाम जास्त होतो. पूर्व जर्मनीच्या गाब्रिएल राइन्श हिची १९८८ मधली ७६.८० मीटरची फेक तर अलेक्नाच्या विक्रमाहूनही लांब आहे. तेव्हा आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडी पश्चिमेचा वारा सुटतो त्या दिवसांत पश्चिमेकडे तोंड करून एखादी फेक लांब गेली तर त्याचे श्रेय नव्या थाळीला लगेच देऊ नये.

आता खरेदीचे थोडे व्यवहारी. थाळी बरोबर १ किलोची न घेता थोडी वरची, म्हणजे १ किलो ५ ग्रॅम ते १ किलो २५ ग्रॅम या दरम्यानची घ्यावी. स्पर्धेपूर्वी थाळीचे वजन होते, आणि दगडांवर आपटून झिजलेली थाळी ५ ग्रॅमनेही कमी भरली तर बाद होते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे पाहता येते. आमच्या गावच्या दुकानदाराने साखर बाजूला सारून दोनदा तोलून दिली आणि पैसे घेतले नाहीत. कानाजवळ धरून हलवावी. आत काही खुळखुळले तर घेऊ नये. कडेवरून नख फिरवावे, कुठे खरबरीत लागता कामा नये. खाच असलेली कड तर्जनी कापते, आणि स्पर्धेत हातमोजा चालत नाही, दोन बोटे एकत्र चिकटपट्टीने बांधताही येत नाहीत. आणखी एक. स्वतःची थाळी स्पर्धेत तपासून घेऊन वापरता येते, परंतु मग ती इतर स्पर्धकांनाही फेकावयास द्यावी लागते. तेव्हा "माझी थाळी, माझा फायदा" हा हिशेब इथे फारसा चालत नाही. गावातल्या तीन-चार घरांनी मिळून एक थाळी घ्यावी, असे मी आता उघडच सांगते.

दादांनी शेवटी पैसे दिले आणि मी लाकडी अंगाची, सौम्य कडेची थाळी घेतली. ती १ किलो १० ग्रॅम भरली. माझ्यानंतर ती गावच्या शाळेतल्या मुलींकडे जाईल, म्हणून तिला जपते. सरावानंतर काळी माती ओल्या फडक्याने लगेच पुसते, कारण ती वाळली की स्क्रूच्या खाचेत बसते. पावसाळ्यात कडेला खोबरेल तेलाचा हात फिरविते आणि फेकण्यापूर्वी ते कोरड्या कापडाने पुसून काढते, नाहीतर थाळी हातातून निसटेल. मे महिन्यात तिला पत्र्याच्या खोलीत ठेवीत नाही. लाकूड तडकते आणि कड तापून हाताला चटका बसतो. कोठीवर पडलेली ती महागडी थाळीही मी त्या मुलीच्या घरून मागून आणली. क्रीडा विभागातल्या ताई सध्या ती सरावाला वापरीत आहेत, आणि तिच्या बदली त्यांनी आपली जुनी साधी थाळी त्या मुलीला दिली आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले की तिच्या दहा फेकी मोजून वहीत लिहावयाच्या आहेत.